बाराव्या डावाची हूल

दौंडच्या लोको शेडात बॉयलर धुण्याचं काम बन्यामीन ओहोळनं एकोणीस वर्षं केलं. काम दिसायला गबाळं, पण त्यात बऱ्याच जणांचा जीव अडकलेला. तिथलं पाणी जड. इंजनाच्या पोटात चुन्याचा थर धरायचा. म्हणून बाराव्या दिवशी आग काढायची, बॉयलर निवू द्यायचं, त्याच्या अंगाला बसवलेले प्लग फिरवून काढायचे, नळीच्या जोरानं आतला गाळ धुऊन पाडायचा आणि प्लग परत एकेक करून आवळायचे. ह्याला शेडात वॉशआउट म्हणत. वॉशआउट झाला की बन्यामीन खडूनं चाकावरच्या पत्र्याला एक वाटोळं काढायचा आणि मधोमध टिंब द्यायचा. ते टिंब बघितल्याशिवाय ड्रायव्हर इंजनावर पाय ठेवत नसत. कारण एखादा प्लग ढिला राहिला, तर वाफ धरल्यावर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि पुढ्यात जो फायरमन उभा असेल त्याचं अंग सोलून निघतं. बन्यामीनच्या टिंबाखालचा प्लग एकोणीस वर्षांत सुटला नव्हता.

शहात्तर सालच्या जानेवारीत त्याचा पाय ओल्या लादीवरून सरकला आणि तो राखेच्या खड्ड्यात डोक्यावर पडला. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. घरी आला तेव्हा हातपाय धड होते, जेवण जात होतं, पण शब्द मात्र सटकायला लागले होते. जावयाला त्यानं दोनदा मेव्हण्याच्या नावानं हाक मारली. बायको दयाबाई ज्याच्यावर भाजी चिरायची त्याला काय म्हणतात, ते त्याला अर्धा दिवस आठवलं नाही. ईस्टरला ते दोघं शिरूरला गेले, त्याच्या बापानं मिशनच्या बंगल्यात माळीकाम केलं त्या गावी. दौंडच्या चर्चाचा पंच म्हणून तिथल्या चर्चात त्याला प्रभूची प्रार्थना सांगायला उभं केलं. लहानपणापासून रोज म्हटलेली प्रार्थना, पण अर्ध्यावर येऊन तो थांबला. पुढं काहीच नाही, नुसती भिंत. बायकांच्या बाकांवरून दयाबाईनं पुढची ओळ मोठ्यानं उचलली आणि बाकीचे तिच्यामागून म्हणत गेले.

शेडच्या फोरमननं त्याला टूल रूममध्ये बसवलं. पितळी बिल्ला घ्यायचा, हत्यार द्यायचं. हत्यार परत आलं की बिल्ला परत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मेडिकल होणार होतं. त्यात पास झाला की पुन्हा बॉयलरवर.

बन्यामीनला नापास होण्याची भीती नव्हती. भीती पास होण्याची होती. डॉक्टर काय करणार, तर डोळ्यांत बॅटरी मारणार, आज वार कोणता विचारणार आणि गुडघ्याला रबरी हातोडी मारणार. बॉयलरला हातोडी मारून आतलं सांगता येतं, हे बन्यामीनला ठाऊक होतं. पण गुडघ्याला हातोडी मारून डोक्यातलं कसं सांगणार? डॉक्टरनं सही केली आणि आपण बावीस प्लगांतला एक आवळायचा विसरलो, तर? ही गोष्ट तो कुणाशी बोलला नाही. दयाबाईशीही नाही.

एप्रिलात एकदा सोपानराव फराटे टूल रूमच्या खिडकीशी आला. हा मांडवगण फराट्याचा, केबिनीत सिग्नलचे लिव्हर ओढणारा, बन्यामीनपेक्षा चार वर्षांनी थोरला. सगळे त्याला आप्पा म्हणत.

"बन्यामीन, बिल्ले मोजून मोजून तुजं थोबाड पितळंचं झालंय. ऐतवारी इन्स्टिट्यूटला ये. पत्त्याला एक गडी कमी पडतोय."

"म्या पत्ते सोडून सात सालं झाली, आप्पा."

"सोडलं कुठं? रोझारिओ आस्ट्रेलियाला गेला आन् खेळ मोडला. त्याला सोडलं म्हंत्यात व्हय?"

ते खरंच होतं. मेल चालवणाऱ्या रोझारिओसाहेबानं रनिंग रूममध्ये, ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या खोलीत, ह्यांना पोकर शिकवला होता. एकोणसत्तरात त्यानं बायको, पोरं आणि पियानो घेऊन दौंड सोडलं आणि जाताना एक लाल पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक बन्यामीनच्या हातात दिलं. 'तू एकटाच वाचशील,' म्हणाला. बन्यामीननं ते कधी उघडलं नव्हतं. पत्त्याचं पुस्तक बायबलाशेजारी नको म्हणून दयाबाईनं ते पेटीच्या तळाशी, जुन्या रगाखाली ठेवलं होतं.

बन्यामीननं दिवसभर विचार केला. पोकरमध्ये प्रत्येकाला पाच पानं. एक बोली होते, मग ज्याला जेवढी नकोत तेवढी पानं तो टाकतो आणि तेवढीच नवी घेतो. मग दुसरी बोली. कुणी किती पानं बदलली, हे ज्याच्या डोक्यात राहतं त्याला समोरच्याच्या हातातलं अर्धं कळतं. ज्याच्या राहत नाही, तो आंधळा. रबरी हातोडीपेक्षा ही परीक्षा बरी, असं त्याला वाटलं.

"येतो," तो म्हणाला. "पर पैसं लावून न्हाई."

"आणीबाणी हाय बाबा. पैसं कोन लावतंय? चिंचोकं आण."

चिंचोके घरात होतेच. दयाबाई नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होती आणि पोरांना बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर शिकवायची. तिनं डब्यातून साठ मोजून पिशवीत घातले.

"डबा परत भरून मिळाला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर मला वर्षभर नुसती वजाबाकीच शिकवावी लागेल."

इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वे कामगारांच्या क्लबाच्या, मागच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत, चर्च सुटल्यापासून सोपानरावची चारची ड्यूटी लागेपर्यंत खेळ चालायचा. बाकीचे दोघे म्हणजे मच्छिंद्र आणि साहेबराव. मच्छिंद्र कोरेगाव भीमाचा, मालगाडीचा ड्रायव्हर, बन्यामीनला मामा म्हणणारा. त्याच्या घराच्या दारावर बुद्धाची तसबीर आणि खिशात कायम इंजनाची किल्ली. साहेबराव टीसी. सुटीच्या दिवशीही काळा कोट घालून यायचा.

पहिल्या रविवारी बन्यामीनचे साठ चिंचोके तासाभरात संपले. मच्छिंद्रनं दोन पानं बदलली की तीन, साहेबरावनं बदलली तरी का, काही म्हणजे काही लक्षात राहिलं नाही. हातात राजाची जोडी धरून तो बसला आणि कुणाच्या ना कुणाच्या तीन दश्श्यांनी ती खाल्ली.

"मामा, सात सालात गंज चढलाय," मच्छिंद्र म्हणाला.

"गंज असंल तर निघंल," बन्यामीन म्हणाला. गंज नसून भोक असलं तर, हे त्यानं मनातच ठेवलं.

त्या सोमवारी त्यानं पेटीच्या तळाचं लाल पुस्तक काढलं. त्याचं इंग्रजी रेल्वेच्या बॉयलर मॅन्युअलवर शिकलेलं. शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन तो दिवसाला दोन पानं वाचायचा. मेच्या सुरवातीला पुण्याला तपासणीला गेला तेव्हा स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडं त्याला दुसरं एक सापडलं, कव्हर फाटलेलं, आत नुसते तक्ते. लाल पुस्तकवाला पाद्र्यासारखा समजावून सांगायचा. फाटका फोरमनसारखा: हे पान आलं तर असं कर, विचारू नको.

दोघांचा पहिला धडा एकच होता. दहातले सात डाव खेळायचेच नाहीत. पानं बघायची, खाली टाकायची आणि दुसऱ्यांकडं बघत बसायचं. बन्यामीनला हे फार पटलं. रोझारिओनं कधी सांगितलंच नव्हतं की नुसतं बसणं हेही खेळणंच असतं. पानं लक्षात ठेवायला त्यानं स्वतःची एक तऱ्हा काढली. ओटा म्हणजे बॉयलर. मच्छिंद्र म्हणजे आगीकडचा प्लग, सोपानराव माथ्यावरचा, साहेबराव खालचा गाळाचा. मच्छिंद्रनं तीन पानं घेतली म्हणजे आगीकडचा प्लग तीन आटे ढिला. एक घेतलं तर एक आटा. आता ते डोक्यात राहायला लागलं. मेच्या मध्याला शेवटपर्यंत पानं धरून बसलेल्याचे आटे त्याला डाव संपल्यावरही सांगता येऊ लागले. चिंचोके मात्र काही केल्या वाढत नव्हते, आणि त्याला कारण होती हूल.

हातात काही नसताना सगळं असल्यासारखं दाखवायचं आणि चिंचोके पुढं सारायचे, म्हणजे हूल. लाल पुस्तकानं सांगितलं होतं की जो कधीच हूल देत नाही त्याच्या चांगल्या पानांना कुणी दाम देत नाही, आणि जो फार देतो तो पकडला जातो. म्हणून हूल मधूनमधून द्यावी. बन्यामीन तिथं अडला. मधूनमधून म्हणजे किती? बॉयलर मधूनमधून धुवा, असं कुणी सांगितलं असतं तर अर्धी इंजनं फुटली असती. दोन्ही पुस्तकं धुंडाळली, आकडा कुठंच नव्हता. मग त्यानं आपल्या अकलेनं आकडा घातला. बाराव्या डावाला हूल. मधले अकरा डाव सरळ खेळायचं. रविवारी खेळ सातव्या डावावर थांबला तर पुढच्या रविवारचा पहिला डाव आठवा; रविवार आला म्हणून इंजनाचे दिवस थोडेच थांबतात?

आणि प्रत्येक वेळी तो पकडला जायचा. एरवी त्याच्याकडं खरोखर पानं असली की तिघं भराभर पानं टाकून पॅक करायचे. हूल दिली की मच्छिंद्र मागं रेलून बसायचा, मान खाजवायचा आणि म्हणायचा, "बगूया तर खरं, मामा." साहेबरावचं ठरलेलं, "तिकीट दाखवा." पानं उलटी करायची आणि चिंचोके जायचे; पुढच्या रविवारी दयाबाई डब्यातून पुन्हा साठ मोजून द्यायची.

चेहऱ्यावर दिसत असावं, असं बन्यामीनला वाटलं. त्यानं घरी आरशासमोर बसून सराव केला. एका हातात पानं, पुढ्यात चिंचोके, चेहरा दगडासारखा.

"दाढ दुखतीय का?" दयाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग असं तोंड का केलंय?"

त्यानं पानं ठेवून दिली. पण मनातला किडा वळवळायला लागला. आपल्या तोंडावर काय उमटतंय हे आपल्याला कळत नाही. मग आपल्या हातून काय होतंय ते तरी कळत असेल कशावरून? आपण बारा मोजतो म्हणतो, ते तरी बाराच असतात का? कधी नऊ होत असतील, कधी पंधरा. आपल्याला काय पत्ता लागणार? डोक्यातला प्लग ढिला आहे हे डोकंच कसं सांगणार? जूनअखेर त्याचं पक्कं झालं. त्यानं दयाबाईला सांगितलं की अर्ज लिहून दे: प्रकृतीच्या कारणास्तव कायमचं हलकं काम मिळावं. तिचं अक्षर टपोरं. तिनं शेवटपर्यंत लिहिलं, शाई वाळू दिली आणि मग म्हणाली,

"मेडिकलच्या आधीच द्यायचा?"

"आधीच."

"तुम्हाला एकोणीस वर्षांचं टिंब सोडवतंय?"

"एखादं पोरगं भाजलं तर ते सोसवायचं न्हाई," तो म्हणाला. इतकं तरी त्या दिवशी बोलून झालं. दयाबाईनं कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली. सही तेवढी राहिली होती.

मेडिकल मंगळवारी. शेडचा हेडक्लार्क इन्स्टिट्यूटच्या मागच्याच चाळीत राहायचा. रविवारी शेवटचं खेळून घ्यायचं आणि जाता जाता सही करून अर्ज त्याच्या हातात द्यायचा, असा बन्यामीनचा बेत होता.

त्या दिवशी पानं बरी येत होती. दोन डाव त्यानं घेतलेही. मग त्याच्या मोजणीनं बारावा आला. हातात चौकट चव्वी, किल्वर नश्शी, असलंच काहीबाही, एकाचा एकाला मेळ नाही. एकही पान न बदलता त्यानं ती छातीशी धरली, जणू पाचही पानं जमूनच आली आहेत, आणि अठरा चिंचोके पुढं सारले.

साहेबरावनं कोटाचं बटण सोडलं. "तिकीट दाखवा, मामा."

तिघंही हसले. बन्यामीननं पानं खाली ठेवली आणि तो हसला नाही.

"बास झालं. ह्यो शेवटचा. आता इथनं पुढं पत्ते न्हाईत आन् बॉयलर बी न्हाई."

"बॉयलर न्हाई म्हंजी?" मच्छिंद्रनं विचारलं.

बन्यामीननं खिशातला कागद काढून त्याच्यापुढं धरला. मच्छिंद्रनं तो ओठ हलवत वाचला आणि सोपानरावकडं दिला. सोपानरावनं वाचला आणि विडी विझवली.

"आरं पर का?"

"माजं डोकं गेलंय, आप्पा. पोरासोरांच्या लक्षात राहतं ते माज्या राहत न्हाई. तुमी तिघं माज्या पोटातलं वाचता, मला सवताला ते वाचता येत न्हाई. पुस्तकं वाचली, उपेग न्हाई. असल्या डोक्यानं म्या प्लग आवळायचे? मच्छिंद्र, तुज्याच इंजनाचा सुटला मंजी?"

मग सोपानराव मच्छिंद्रकडं वळला.

"सांग त्याला. लई खाल्लं त्याचं चिंचोकं."

"तुमीच सांगा की आप्पा. वही तुमच्याकडं हाय."

"कसली वही?" बन्यामीन म्हणाला.

सोपानरावनं कनवटीची पिशवी सोडली आणि तिच्यातून केबिनीतल्या जुन्या रजिस्टराची मागची पानं काढली. केबिनमनला गाडी आली-गेली लिहायची सवय. दिसेल ते लिहून ठेवायचा. कागदावर बारीक बारीक उभ्या रेघा होत्या, ओळीनं, आणि दर काही रेघांनी एका रेघेला गोल.

"मामा," मच्छिंद्र म्हणाला, "तुमी बाराव्या डावाला हूल देता."

बन्यामीनचं तोंड उघडं राहिलं. "कोन म्हनलं?"

"म्हनाया कशाला पायजे? म्या ड्रायव्हर हाय. इंजनाचा वॉशआउट कवा हाय ते मला कळतंय, आन् वॉशआउटवाल्याचा कळायचा न्हाई? तुमी हूल द्याया लागल्यावर तिसऱ्या ऐतवारी मला वास आला. आप्पांना म्हनलं, मोजा. आज सातवा ऐतवार हाय मोजतोय त्याला. सतरा येळा. सतराच्या सतरा येळा बारावाच."

"आजचा धरून," साहेबराव म्हणाला.

"बारावाच?" बन्यामीन म्हणाला. "बराबर बारावा?"

"हे बग." सोपानरावनं रेघांवर बोट ठेवलं. "हितं आमी खोडलंय. सा जूनला साहेबराव उशिरा आला, तवा तिघांत एक डाव झाला. त्यो आमी धरला न्हाई, तू धरला. आमच्या वहीत तुजा बारावा डाव आला, म्हनून आमी सगळं चिंचोकं लावलं आन् तू चार राण्या काढल्यास. पंचावन्न गेले आमचे. तू घरी गेल्यावर आमी भांडलो, कोन चुकलं म्हनून. वही चुकली हुती."

"आन् हितं," मच्छिंद्र वाकला, "साहेबरावनं वाटताना पान उलटं पाडलं, त्यो डाव फुकट गेला. आमी धरला, तुमी न्हाई धरला. परत आमीच चुकलो. लिवून ठिवणारे दोनदा चुकलो, मामा. तुमी तोंडानं गप्पा हाणताय, पुस्तकातलं खेळताय, आमचं आटं का काय ते बगताय, आन् एका ऐतवारी सातवर सोडलेलं दुसऱ्या ऐतवारी आठपासनं धरताय."

बन्यामीननं कागद ओढून घेतला. बोट ठेवून त्यानं रेघा मोजल्या. बारा, गोल. बारा, गोल. चौथ्या गोलाशी त्याचं बोट थांबलं आणि त्याला पुढचं मोजायची गरज उरली नाही. पाच महिने मानेच्या मागं कुणीतरी हात दाबून धरल्यासारखं होतं. तो हात निघाला. त्यानं माठातलं पाणी घेतलं, तांब्याभर एका दमात प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला,

"म्हंजी सात हप्तं तुमी मला लुटताय."

"व्हय."

"आन् सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर चिंचोकं कुठनं आलं असतं?" साहेबराव म्हणाला. "माझी बायको विचारते, एवढ्यांचं करायचं काय."

बन्यामीन हसायला लागला. आधी हळू, मग लिंबाखालचा कुत्रा उठून बाजूला जाईपर्यंत. मच्छिंद्र मात्र हसला नाही.

"मामा, एक ऐका. तुमच्या जागी आलेल्या फिटरचं टिंब म्या बगतो आन् शिट्टी मारताना डोळं झाकून घेतो. मंगळवारी जावा. डॉक्टर वार इचारंल, तेवढा पाठ करून जावा."

"वार ठावा हाय मला," बन्यामीन म्हणाला. "वाट पानं."

"कितवा डाव ह्यो?"

"आता ते सांगायचं नसतं. पुस्तकात लिवलंय."

चारला सोपानराव ड्यूटीवर गेला तेव्हा बन्यामीनपुढं एकही चिंचोका शिल्लक नव्हता. आनंदाच्या भरात तो पुस्तकातलं सगळं विसरला आणि प्रत्येक डाव खेळला. मच्छिंद्रचा खिसा फाटका. त्यानं जिंकलेले चिंचोके दयाबाईच्या टपोऱ्या अक्षरातल्या अर्जात पुडी बांधून नेले. हेडक्लार्कच्या दारावरून बन्यामीन तसाच पुढं गेला.

दयाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ भेंडी चिरत बसली होती. तो दारात उभा राहून बघत राहिला. तिनं मान वर केली नाही.

"दिला का अर्ज?"

"न्हाई. मंगळवारी मेडिकलला जातो."

तिचा हात थांबला. "आणि चिंचोके?"

"साठच्या साठ गेले." पगार वाढल्यासारखं त्यानं ते सांगितलं.

दयाबाईनं मान वळवून त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. बऱ्याच दिवसांत न बघितलेलं काहीतरी तिथं होतं. तिनं पाट पुढं सरकवला.

"बसा. चहा टाकते."

"तू बस. चहा म्या टाकतो. फक्त ते बाजूला घे, पाय लागंल."

"काय बाजूला घेऊ?"

त्यानं तोंड उघडलं. तिच्या पायाखालची ती लाकडी पाटाची, वाकड्या पात्याची वस्तू त्याला लख्ख दिसत होती. नाव येईना. जानेवारीत ह्याच जागी त्याला दरदरून घाम फुटला होता. आज तो नुसता डोकं खाजवत उभा राहिला.

"विळी," दयाबाई म्हणाली.

"तेच ते. नावाचं जाऊ दे," तो स्टोव्हकडं वळत म्हणाला. "पर म्या आल्यापासनं तू भेंड्या नऊ चिरल्यास. आन् ताटात अजून बारा हायेत."

दयाबाईनं ताटाकडं बघितलं आणि बोट ठेवून मोजायला लागली.